वेगळी बादली

मडगावहून पाच मासे आणले,
फुगवलेल्या पिशवीत, कदंबच्या खिडकीशी,
मांडीवर धरून फोंड्यापर्यंत.
बोरीच्या पुलावर कंडक्टर म्हणाला,
यांचं अर्धं तिकीट फाडू काय?
मी हसलो. नेमकं तेव्हाच
काळ्या मॉलीने पिशवीला अंग घासलं.
दिसलं मला. मनात लिहून घेतलं नाही.

छत्तीस वर्षं दुसरं काय केलं होतं,
मलेरियाच्या खात्यात, एका डोळ्याने?
बोटाला टोचायचं, थेंब काचेवर पसरायचा,
रंग चढवून शंभर फील्ड मोजायचे
आणि लिहायचं: आहे. नाही.
कुडचड्याचे ट्रकवाले,
फर्मागुडीच्या बांधकामावरचे बिगारी
आपापला ताप घेऊन बाकावर बसत
आणि एकच विचारत, जाऊ कधी?

सवयीनेच मासे आधी बादलीत सोडले,
मागच्या पडवीत, मोठ्या टाकीपासून लांब.
तिसऱ्या दिवशी मॉलीच्या शेपटीवर
रव्याचे तीन कण.
चौथ्या दिवशी मोजता येईनात.
दुकानात फोन लावला.
आमचे सगळे ठणठणीत, दुकानदार म्हणाला,
तुमचं पाणी बघा.
ऐकलंय हे. ताप नेहमी
दुसऱ्याच गावाहून आलेला असतो.

खात्याने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं,
मायक्रोस्कोप नाही.
तेव्हा मॉलीला लोणच्याच्या बरणीत घेतलं
आणि पेपर वाचायचं भिंग काचेला लावलं.
कल्ले मिनिटाला शंभराच्या वर.
माणूस असता तर आधी
पाणी दिलं असतं.

सकाळी सांतिना आली, पाटी उतरवली.
कुमुदिनी बांगड्याच्या कल्ल्यांची लाली बघत होती,
सांतिना माझ्या बादलीत वाकली.
कितें जालां तांकां?
मी सांगत बसलो: परजीवी आहे,
कातडीखाली शिरतो, तिथे औषध पोचत नाही.
पिकला की गळून तळाला जातो,
एकाचे शेकडो होतात
आणि नवं अंग शोधत पोहत सुटतात.
मारायचा तो तेवढ्या वेळात.
म्हणजे रावपाचें, ती म्हणाली,
आणि पाटीच्या कोपऱ्यातून
मूठभर खडे मीठ काढून दिलं,
आगरवाड्याचं, करडं, मातीचा वास असलेलं,
उरलेल्या मासळीला ती लावते ते.

पाच लिटरला चमचा, विरघळवून, दोन दिवसांत मिळून.
हीटर तासाला एक अंश, तीसपर्यंत.
ऊन पाण्यात श्वास कमी पडतो
म्हणून हवेची नळी.
तळ रोज ओढून काढायचा, तेवढंच नवं पाणी,
तेही उन्हात ठेवलेलं, तितकंच खारट.
आत तव्यावर बांगडे चरचरत होते.
कुमुदिनी दारात येऊन म्हणाली,
एकाला रवा लावायचा, दुसऱ्याचा काढायचा,
तुमचं काही कळत नाही बाई.

सहाव्या दिवशी मॉली आडवी.
जुन्या वहीत तारीख घातली.
पुढे काय लिहायचं सुचलं नाही,
असा रकाना आमच्याकडे नव्हता.

आज नववा. उरलेले चौघे स्वच्छ,
कुणाच्याही अंगावर कण नाही.
हलवा आता टाकीत, सगळे म्हणतात.
ताप उतरला की तेही असेच निघायचे.
गोळ्या चौदा दिवसांच्या,
सातव्यापासून खिशात.
धनेश्वर नायक म्हणून एक होता, ओडिशाचा,
आठव्या दिवशी त्याच्या खोलीवर गेलो
तर दोरीवर नुसता टॉवेल.
महिन्याभराने स्लाइड आली,
नाव तेच, तालुका वेगळा.

तेव्हा अजून पाच दिवस.
हॉलमधली टाकी तयार आहे,
दिवा, बुडबुडे, प्लास्टिकचं गलबत.
पाहुणे काचेला नाक लावून विचारतात,
मासे कुठे आहेत?
बाकावर, मी म्हणतो.